चिमणी, विमान आणि पगाराचे पाकीट

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याला विमान सुटले. १५ ऑक्टोबरला मुंबईचेही सुरू झाले. त्या दिवसांत आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. एक जण म्हणाला, "आता सोलापूर सुटलं बघा." शेजारी एक जुने गार्डसाहेब बसले होते. ते म्हणाले, "सुटलं ते खरं. पण गाडीत बसलंय कोण आणि फलाटावर राहिलंय कोण, ते आधी बघा की!" सगळे हसले आणि चहा आला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मित्रहो, मी आर.एम.एस.मधला माणूस. १९७९ मध्ये लागलो, २०१६ मध्ये निवृत्त झालो. टपालाच्या डब्यात उभे राहून खणाखणांत पत्रे टाकण्यात निम्मे आयुष्य गेले. अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही. पण शहराची प्रकृती कशी आहे, हे पत्रांच्या गठ्ठ्यांवरून थोडेफार कळायचे. तुम्ही भुसावळला असा, हुबळीला असा की इटारसीला, तुमच्याही शहरात आज "विकास" या शब्दाचा गजर चाललेला असणार. तेथेही कुठे विमानतळ, कुठे उड्डाणपूल, कुठे आयटी पार्क निघालेला असेल. आमच्याकडेही २०२५ मध्ये आयटी पार्कची घोषणा झाली. अशा वेळी रेल्वे आणि टपाल कामगारांनी नुसते बघ्याच्या गर्दीत उभे राहावे का, एवढाच माझा मुद्दा आहे. तो सोलापूरच्या निमित्ताने मांडतो, कारण हे शहर मला आतून ठाऊक आहे.

विमानावर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजारी माणसाला तातडीने मुंबईला न्यायचे असेल, व्यापाऱ्याला एका दिवसात जाऊन परत यायचे असेल, तर विमान हवेच. पण ते उडवण्यासाठी आमच्या शहराने काय केले, तेही सांगितले पाहिजे. विमानतळाजवळ कुमठे येथे सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते, म्हणून कित्येक वर्षे वाद चालला. चिमणी पाडा म्हणून शहरातल्या मंडळींनी उपोषणे केली. चिमणी वाचवा म्हणून ऊसकरी शेतकऱ्यांनी आणि कामगारांनी मोर्चे काढले. कायद्याच्या कागदात ती चिमणी अनधिकृत ठरली. अखेर १५ जून २०२३ रोजी, जमावबंदी लावून, मोठ्या पोलीस बंदोबस्तात ती स्फोटकांनी पाडण्यात आली. काही क्षणांत खेळ खलास. लोकांनी गच्चीवरून मोबाइलवर चित्रण केले. काहींनी पेढे वाटले, काही जण रडले.

आता गंमत बघा. याच शहरापासून जवळ बोरामणीला मोठ्या विमानतळासाठी शेकडो हेक्टर जमीन आधीच घेऊन ठेवलेली होती. तिथले काम वनजमिनीच्या प्रश्नात अडकले. म्हणजे विमानतळ की कारखाना, अशी दोनांतून एकाची निवड करण्याची पाळी शहरावर आभाळातून पडलेली नव्हती. एका दारावरचे कुलूप निघेना, म्हणून दुसऱ्या घराची भिंत पाडली, असा हा प्रकार. चिमणी नियमात बसत नव्हती हे मान्य. पण नियमात न बसणारी किती बांधकामे आपण दररोज बघतो! त्यांच्यासाठी स्फोटके येत नाहीत.

मी मोजमाप करतो ते असे. चिमणीखाली किती लोकांच्या पगाराची पाकिटे होती आणि विमानाखाली किती आहेत? साखर कारखान्यावर कायम आणि हंगामी कामगार असतात, तोडणीची माणसे असतात, वाहतूकदार, मिस्त्री, हॉटेलवाला, टायरवाला असतो. त्यांचा पैसा मंद्रुपच्या, होटगीच्या, अक्कलकोटच्या बाजारात खर्च होतो. सत्तरएक आसनांच्या विमानातून उतरणारा पाहुणा मोटारीत बसतो आणि काम उरकून परत जातो. त्याच्यामुळे काहीच होत नाही असे नाही. पण ही दोन्ही मापे कुणी शेजारी शेजारी मांडली नाहीत. मांडण्याचे काम ज्यांचे, ते आपण होतो.

सोलापूरला मोठे केले ते गिरण्यांनी. आपली गाडी आधी आली आणि गिरण्या मागाहून, हे आपल्या रेल्वेच्या मित्रांनी अभिमानाने सांगायला हरकत नाही. १८६० मध्ये जी.आय.पी.चा लोहमार्ग सोलापूरला पोहोचला आणि १८७७ मध्ये पहिली मोठी गिरणी सुरू झाली, जिला सगळे शहर जुनी गिरणी म्हणून ओळखते. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जामश्री आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून माणसे आली. शहराचा पूर्वभाग तेलुगू बोलू लागला. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि गिरणीत मराठी, असे हे शहर. १९३० च्या लष्करी कायद्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी ज्या चौघांना फाशी दिले, त्यांतले कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांचे पुढारी होते. आपली हुतात्मा एक्स्प्रेस त्या चौघांच्या नावाने धावते. गाडीत बसणाऱ्या किती पोरांना हे ठाऊक आहे, देव जाणे.

या जुन्या गिरणीची एक हकीकत तर सगळ्या देशाने लक्षात ठेवावी अशी आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये कारभाराच्या घोळामुळे ही गिरणी बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. तेव्हा दिल्ली सरकारने काय केले? "बाजाराचे काम बाजार करील" असे म्हटले नाही. ९ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक होण्यास सतरा दिवस उरले असताना, एका गिरणीसाठी वटहुकूम काढला आणि कारभार आपल्या हाती घेतला. पाठोपाठ संसदेने त्याचा कायदा केला. एका शहरातल्या एका कंपनीच्या नावाचा कायदा! त्यात कारण स्पष्ट दिले होते: गैरकारभारामुळे जीवनावश्यक मालाचे उत्पादन घटले आणि लोकांमध्ये गंभीर बेकारी निर्माण झाली. एका भागधारकाने त्याविरुद्ध दावा लावला. डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण मोबदला न देता मालमत्ता काढून घेतली होती. मग १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. तिच्यामागे जी कारणे होती, त्यांत सोलापूरच्या या गिरणीचा खटलाही होता. म्हणजे एका मध्यम शहरातले गिरणीचे बंद दार उघडण्यासाठी या देशाने आपल्या राज्यघटनेला हात घातला होता. ती गिरणी पुढे टिकली नाही, हे खरे. पण बेकारी हा सरकारने धावून जाण्याचा विषय आहे, एवढे तरी तेव्हा सर्वांना मान्य होते.

नव्वदच्या दशकात काय झाले? लक्ष्मी-विष्णू बंद पडली, तेव्हा कुणी वटहुकूम काढला नाही. नवे आर्थिक धोरण आले होते आणि बंद गिरणी ही बातमी राहिली नव्हती. आमचे साडू अशाच एका गिरणीत विणकाम खात्यात होते. गिरणीचे नाव घेत नाही. एका सकाळी गेटवर नोटीस लागली. साडू आठ दिवस रोज ठरल्या वेळी डबा घेऊन घरातून निघत आणि गेटसमोरच्या वडाखाली बसून परत येत. नवव्या दिवशी मेव्हणीने डबा भरला नाही. पुढे देण्यांसाठी किती चकरा झाल्या, ते सांगत बसत नाही. त्यांनी एस.टी. स्टँडजवळ चहाची गाडी लावली, ती चालली नाही. घर चालवले ते मेव्हणीने, विड्या वळून. मला वाटते सोलापूरच्या त्या वर्षांचा खरा इतिहास एवढाच आहे. भोंगे बंद पडले, तेव्हा हे शहर बायकांच्या मांडीवरच्या सुपाने तोलून धरले.

आणि आम्ही काय केले? आमच्या शाखेने गिरणी कामगारांना पाठिंब्याचा ठराव केला, वर्गणी गोळा करून दिली आणि आम्ही आमच्या बोनसच्या आंदोलनाला लागलो. त्या ठरावाचा मसुदा मीच लिहिला होता. शब्द जोरदार होते.

याच काळात एक गोष्ट माझ्या हातांनी पाहिली. पूर्वी सोलापूरहून बाहेर जाणाऱ्या टपालात मनीऑर्डरींचे फॉर्म भरपूर असत. नलगोंडा, महबूबनगर, करीमनगर, विजापूर, गुलबर्गा. गिरणीचा पगार झाला की चार दिवस ते खण भरून वाहत. येथे कमावलेला पैसा चार जिल्ह्यांपलीकडच्या म्हाताऱ्या आईला पोहोचायचा. गिरण्या गेल्या आणि दहा वर्षांत ओघ उलटला. बाहेर जाणारे फॉर्म रोडावले आणि येणारे वाढले. शिक्के कुठले? पिंपरी, चिंचवड, हडपसर, भोसरी. सोलापूरचा मुलगा पुण्यात राबतो आणि सोलापूरच्या आईला पैसे पाठवतो. मनीऑर्डरीची दिशा फिरली, तेव्हाच आम्हाला कळायला हवे होते की शहर आता स्वतःच्या कमाईवर जगत नाही. जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. आता ते पैसे मोबाइलवरून येतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत इतकेच.

जनगणनेचे आकडे तेच सांगतात. २००१ मध्ये सोलापूर शहराची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार होती, २०११ मध्ये ९ लाख ५१ हजार. दहा वर्षांत फक्त ९ टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची वाढ १६ टक्के आणि पुणे शहराची २३ टक्के. घराघरांतल्या जन्मांनीच शहर याहून अधिक वाढायला हवे होते. मग माणसे गेली कुठे? हे कुठल्याही तिकीट बुकिंगच्या मित्राला विचारा. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे साधे डबे बघा. दौंड-सोलापूर दुहेरी मार्ग झाला, विजेवर गाड्या धावू लागल्या, १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईची वंदे भारतही आली. आपल्या ट्रॅकमननी आणि लोको पायलटांनी घाम गाळून ही वाट सुधारली. पण सुधारलेल्या वाटेने शहरात काम आले की शहरातून माणूस गेला, याचा हिशेब मांडायचा राहून गेला आहे. वाट दोन्ही बाजूंना जाते. उतार ज्या बाजूला असेल, त्या बाजूला माणसे घरंगळतात.

म्हणून शहरात आज जे काही उभे आहे, ते नीट पाहू या. यंत्रमाग आहेत. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरीही पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो, अशी कारखानदारांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण मानांकन चादरीला मिळाले, ती विणणाऱ्याला काय मिळाले, हे विचारले की मंडळी छताकडे बघतात. मागावरचा कामगार तुकड्याच्या दराने बारा-बारा तास उभा असतो. कित्येक ठिकाणी त्याचे नाव हजेरीपटावर नसते आणि भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नसतो. एकाच छपराखालचे माग चार नावांवर दाखवले की कारखाना कागदावर लहान होतो आणि कायदा लागू होत नाही, ही युक्ती जुनी आहे. मालक म्हणतात, सूत महाग, वीज महाग, आम्ही तरी काय करणार? त्यांचेही सगळेच खोटे नाही. पण आपल्या मालाचे गिऱ्हाईक कोण, याचा विचार त्यांनी केलेला नाही. ज्या शहरातल्या विणकराला स्वतः विणलेली चादर विकत घेता येत नाही, त्या शहराच्या बाजाराने वाढावे तरी कशाच्या जोरावर?

विड्या वळणाऱ्या बायकांची तीच कथा. हजार विड्यांमागे मजुरी. त्यातून "छाट" म्हणून बाद केलेल्या विड्या वजा. पाने कमी पडली तर पदरचा पैसा घालून आणायची. त्यांच्या दवाखान्यांसाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी विडीवर उपकर घेतला जात असे. वस्तू व सेवा कर आला आणि २०१७ मध्ये तो उपकर गेला.

पण याच बायकांनी शहराला जे काही दिले, ते कुठल्याही उद्योगपतीने दिलेले नाही. कुंभारीला विडी कामगारांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. पाठोपाठ असंघटित कामगारांची तीस हजार घरांची रे नगर योजना निघाली. तिच्यातली पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. दोन पंतप्रधान, दोन वेगळे पक्ष आणि मागे एकच गोष्ट: वर्षानुवर्षे मोर्चे काढणाऱ्या कामगार बायका आणि नरसय्या आडम मास्तरांसारखे त्यांचे पुढारी. राजकारणात मास्तरांशी कुणाचे पटो न पटो, हे काम नाकारता येणार नाही. आता सांगा, पंधरा हजार घरे बांधायची म्हणजे किती गवंडी, किती सुतार, किती सिमेंट, किती दारे-खिडक्या! आणि घरे झाल्यावर तिथे दळणाची गिरणी, किराणा, शिवणयंत्र, शाळा, औषधाचे दुकान. शहराच्या आर्थिक वाढीचे याहून मोठे काम अलीकडे कोणते झाले? पण "विकास" या विषयावर व्याख्याने होतात, तेव्हा पडद्यावर विमान दाखवतात. कुंभारी दाखवत नाहीत. त्या घरांतून शहरात कामाला यायला पुरेशा बसगाड्या नाहीत, शहराची परिवहन सेवा कित्येक वर्षे अंथरुणाला खिळलेली आहे, हा मुद्दाही कुणाच्या अग्रक्रमात नाही. उजनी धरण भरलेले असताना शहराने वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड पाणी भरले. कारखाना काढायला येणारा माणूस आधी नळ उघडून बघतो, मग विमानाची वेळ विचारतो.

आता आपल्या घरात येऊ. आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, "आपण केंद्राचे नोकर. आज येथे, उद्या बदली. शहर वर गेले काय आणि खाली गेले काय, आपला पगार दिल्लीहून येतो." मीही असेच म्हणत होतो. नवी पेठेतला एक कापडवाला ओळखीचा आहे. गिरण्या गेल्यावरही त्याचे दुकान उघडे कसे, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "तुमच्या एक तारखेवर, साहेब. रेल्वे, पोस्ट, शाळामास्तर आणि पेन्शनर. बाकी सगळं उधारीवर." सोलापूर हे मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे. गिरण्या गेल्यावर या शहरात नियमित, पुऱ्या आणि वेळेवर मिळणाऱ्या पगाराचे जे मोठे गठ्ठे उरले, त्यांतला एक आपला आहे. म्हणजे आपण पाहुणे नाही. या बाजाराच्या खांबांपैकी एक खांब आहोत.

आणि तो खांब आतून पोखरला जातो आहे. समजा एका विभागात शंभर जागा रिकाम्या ठेवल्या. सातव्या वेतन आयोगाचे सर्वांत खालचे मूळ वेतन १८ हजार. महागाई भत्ता आणि घरभाडे सोडून दिले, तरी महिन्याला १८ लाख आणि वर्षाला २ कोटी १६ लाख रुपये त्या शहराच्या बाजारात यायचे थांबले. फाईलवर ती "बचत" असते. किराणावाल्याला, शिकवणी घेणाऱ्या मास्तराला, रिक्षावाल्याला ती बचत कशी लागते, हे फाईलवर नसते. त्या जागी कंत्राटदाराची माणसे येतात. स्टेशनची सफाई, बेडरोल, पार्किंग, जिकडेतिकडे कंत्राट. कंत्राटदार बहुतेक परगावचा. नफा परगावी जातो आणि कामगाराच्या हातात किमान वेतनही पुरते पडत नाही. रिक्त पदे भरा, ही आपली मागणी आपण आजवर कामाचा बोजा वाढतो म्हणून करत आलो. ती बरोबरच आहे. पण तीच मागणी शहराच्या व्यापाऱ्याचीही आहे, हे त्याला जाऊन आपण कधी सांगितले का? मला नाही आठवत.

पॅसेंजर गाड्यांचेही तसेच. २०२० च्या टाळेबंदीनंतर पॅसेंजर "स्पेशल" म्हणून सुरू झाल्या आणि कमीत कमी भाडे १० रुपयांचे ३० झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० वर आले. मधल्या काळात मोहोळहून, दुधनीहून भाजीची पाटी, दुधाची किटली, शिवणकामाचा गठ्ठा घेऊन येणाऱ्यांचे काय झाले असेल? जाऊन-येऊन २० रुपयांच्या जागी ६० रुपये. दिवसाला ४० रुपये जास्त, महिन्याच्या पंचवीस दिवसांना एक हजार. हजार रुपयांत एका गरीब घराचा महिन्याचा किराणा अर्धा होतो. हा कर कुठल्या संसदेने बसवला नव्हता. वंदे भारत आली तेव्हा फलाटावर हार-तुरे झाले. त्या पाटीवालीसाठी सकाळची एखादी गाडी वाढवून मागायला आपल्यापैकी कोण गेला?

मग करायचे काय? मोर्चाच काढायला पाहिजे असे नाही. काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांत दररोज किती चादरी, किती टॉवेल लागतात, याचा विचार करा. हा देशातल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे आणि तो आपल्या खात्यात बसला आहे. त्या खरेदीत, कामगारांना किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी देणाऱ्या सोलापूरच्या कारखान्यांना आणि विणकरांच्या सहकारी संस्थांना वाटा द्या, अशी मागणी रेल्वे कामगारांनी केली, तर ती विणकराला उपयोगी, प्रामाणिक मालकाला उपयोगी आणि प्रवाशालाही चांगला टॉवेल मिळेल. सध्याचा टॉवेल ज्यांनी वापरला आहे त्यांना अधिक सांगायला नको. "एक स्टेशन एक उत्पादन" योजनेखाली २०२२ पासून फलाटावर स्टॉल लागले, ते ठीक. पण एका टेबलाने शहर चालत नाही. खरेदीचा आदेश पाहिजे.

टपालाच्या मित्रांनीही आपल्याकडे पाहावे. पूर्वी चादरींचे गठ्ठे आपल्या पार्सलने देशभर जात. तो धंदा खासगी कुरिअरने नेला, कारण त्याचा माणूस माल न्यायला दारात येतो आणि आपण खिडकी चारला बंद करतो. राग मानू नका, मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. पत्रांचे युग आटोपत आले आहे. आपली नोकरी यापुढे पार्सलवर उभी राहणार, आणि पार्सल तेव्हाच असेल जेव्हा पूर्वभागातल्या लहान विणकराकडे पाठवायला माल असेल.

आणखी एक सल आहे. विडीवाल्या बायका पै-पै जमवून पोस्टात आर.डी. भरतात. सगळ्या शहराची अशी बचत आपण गोळा करतो आणि ती सरकारच्या तिजोरीत जाते. त्याच बाईला दोन शिवणयंत्रे घ्यायला कर्ज हवे असेल, तर पोस्ट तिच्याच आर.डी.त जमलेल्या रकमेच्या निम्म्यापलीकडे काही देऊ शकत नाही. २०१८ मध्ये पोस्टाची पेमेंट्स बँक आली, पण तिलाही स्वतःचे कर्ज देण्याची परवानगी नाही. मग ती बाई सावकाराकडे किंवा आठवड्याला हप्ता नेणाऱ्या खासगी कंपनीकडे जाते. तिचाच पैसा आपण घ्यायचा आणि तिला वाढीव व्याजाच्या दारी पाठवायचे, ही रीत कुणी तरी प्रश्न विचारल्याशिवाय बदलणार नाही.

हे सगळे मी आमच्या शाखेच्या बैठकीत मांडले. तासभर वाद झाला. एक तरुण ट्रॅकमन म्हणाला, "काका, माझा भाऊ पुण्यात आयटीत आहे. इथं विमान आलं, आयटी पार्क आला तर तो परत येईल. तुम्ही चिमणीसाठी कशाला रडता?" त्याला मी सांगितले, तुझा भाऊ परत यावा यासाठीच बोलतो आहे. आयटी पार्क येवो, पण त्याच्या जमिनीचा, पाण्याचा, सवलतींचा करार होताना किती स्थानिक माणसे, किती पगारावर, कायम की कंत्राटी, हे कागदावर लिहून घ्या. लिहून न घेतलेले आश्वासन आणि स्टॅम्प न लावलेले पाकीट, दोन्ही पोहोचत नाहीत. तो हसला, पण पटले असे म्हणाला नाही. दुसऱ्या एकाने विचारले की व्यापाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचे का? मी म्हटले, बसायचे, पण आपला हिशेब खिशात ठेवून.

शेवटी एवढे ठरले. विभागातली रिक्त पदे, कंत्राटात गेलेली कामे, बंद झालेल्या पॅसेंजर आणि चारला बंद होणाऱ्या खिडक्या यांची यादी करायची, त्यामुळे शहरात वर्षाला किती रुपये यायचे थांबले याचा आकडा काढायचा, आणि तो कागद घेऊन महापालिकेकडे, व्यापारी संघटनेकडे, यंत्रमाग कामगारांच्या आणि विडी कामगारांच्या संघटनांकडे जायचे. चार जणांनी ठरावाविरुद्ध हात वर केले, बाकीच्यांनी बाजूने. यादीचे काम दोन तरुण मुलांकडे दिले आहे. त्यांतला एक तोच ट्रॅकमन आहे. भुसावळ, मनमाड, नागपूर, हुबळी, सिकंदराबाद येथील मित्रांनी आपापल्या शहराची अशीच यादी करून या पत्रिकेकडे पाठवावी. आकडे अदमासाचे नकोत, हजेरीपटावरून घ्यावेत.